खंडेनवमीला झोपवलेलं मशीन

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. माझी ताई टायपिंगच्या परीक्षेत नापास झाली, ती तिला टायपिंग येत नव्हतं म्हणून नाही. आमच्या वस्तीत लोक अजून विचारतात, "काहून नापास झाली वं?" आणि ताई दर वेळी एकच उत्तर देते, "स्पीड नाही आली." हे खोटं आहे. ती का खोटं बोलते हे मला ठाऊक आहे. पटलेलं मात्र नाही. म्हणून लिहितो आहे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. ताई आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरीवाली. बाबा हिंगण्याच्या कारखान्यात, पहाटे कंपनीची बस धरणारे. ताईला एका सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक म्हणून घेतलं होतं, पण तात्पुरतं. अट अशी की ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, नाही तर घरी बसायचं. मुदत संपायच्या आत एकच परीक्षा उरली होती. तीसुद्धा सरकारनं आपल्या सोयीनं पुढे ढकलली आणि दसऱ्यानंतर नेऊन ठेवली. मुदत मात्र जागची हलली नाही. परीक्षा पुढे सरकते, मुदत सरकत नाही, आणि दोन्हींच्या मधे जो सापडतो तो तात्पुरता असतो. कायम माणूस तिथं कधी सापडत नाही.

ताई सरावाला लकडगंजला जायची. खाली लाकडाच्या वखारी, आरामशिनींचा आवाज, वर माडीवर टायपिंगची इन्स्टिट्यूट. मागच्या दोन खोल्यांत ती चालवणारे सर आणि त्यांची बायको, आमच्या काकू, राहायचे. इंग्रजीची मशीनं बरीच होती, मराठीची तीनच. त्या परीक्षेला इथले मराठीचे उमेदवारही तीनच बसले होते, म्हणजे एकेकाला एक. परीक्षेच्या केंद्रावर टेबल-खुर्ची सरकारची, मशीन मात्र ज्याचं त्यानं आपल्या इन्स्टिट्यूटमधून न्यायचं, अशी पद्धत. ज्या मशीनवर बोटं बसली तेच मशीन परीक्षेला.

ताईचं मशीन भिंतीकडचं. ती कचेरीच्या आधी यायची, म्हणून काकू तिच्यासाठी लवकर दार उघडायच्या. चहा द्यायच्या. कप वेगळा नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या गल्लीत आमच्यासाठी वेगळा कप ठेवणारी घरं होती आणि ती मला माहीत आहेत. सराव झाला की ताई मशीन फडक्यानं पुसायची, वर रेक्झिनची खोळ घालायची आणि नाडीची गाठ मारायची. काखोटीला डबा, आणि निघाली कचेरीत.

नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला लकडगंजात एक आरा चालत नाही. अवजारांची पूजा होते, त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि विसावा देतात. दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सरांच्याकडे हत्यार म्हणजे टाइपरायटर. आम्ही यातलं काही करत नाही. आमच्या आईबाबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. सरांना हे ठाऊक होतं.

"उद्या मी येत नाही, सर," ताई आदल्या दिवशी म्हणाली.

"मालूम हाय. अन् परवा तुमचा दिवस. तेरवा सकाळी ये, मंग दिवसभर बस. उद्या-परवा मशीन झोपली राहीन."

यात भांडण नव्हतं. कित्येक वर्षं असंच चाललेलं होतं. तिनं खोळ घातली, गाठ मारली, आली.

दसऱ्याला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर गेलो. मी आमच्या वस्तीतल्या मंडळाची पत्रकं वाटत होतो. मंडळाची एक खोली होती, प्रती काढायला एक सायक्लोस्टाइल होतं, आणि एक जुनं मराठी मशीन होतं ज्याचा 'ळ' तुटलेला. आमच्या पत्रकांत 'चळवळ' हा शब्द पेनानं पुरा करावा लागायचा. दुपारी परत येऊन बघतो तर ताई आईजवळ मातीत बसलेली, नजर स्टेजकडे, आणि दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर चालू. आई म्हणाली, "आज तरी बोटाइले आराम दे." ताई हसली. बोटं थांबली नाहीत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. परीक्षा त्याच्या पुढच्या दिवशी होती आणि मशीन हातगाडीवर चढवायला माणूस लागणार होता, ते ठरवायचं होतं. ताईनं नाडी सोडली. गाठ तिची नव्हती, हे तिला लगेच कळलं असणार. खोळ काढली. मशीनच्या कपाळावर कुंकवाचा टिळा. तिनं तो रुमालानं पुसला, कागद चढवला आणि बसली.

पहिलीच ओळ. मधल्या दांड्यांवरची अक्षरं वर गेली आणि वरच राहिली. रोलरला टेकून उभी. तिनं हातानं खाली पाडली, परत कळ दाबली, परत तसंच. कडेची अक्षरं चालत होती. मधली जायची, यायची नाहीत.

सर आले, वाकून पाहिलं. "तेल सुकलं असंल. दोन दिवस बंद होती ना."

त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, जिथं अक्षरांच्या दांड्या खाचांमध्ये बसतात त्या अर्धगोल पट्टीवर थेंब सोडले. कळा दाबल्या. दांड्या आधी जड, मग हलक्या, मग खटाखट.

"पाह्य. झालं का नाही?" सर म्हणाले. माझ्याकडे वळले. "अन् हे लीडरसाहेब सकाळी सकाळी तोंड पाडून उभे. तुमच्या पत्रकात लिहा, सरांनी मशीन दुरुस्त केलं."

ताईनं एक उतारा अख्खा टाइप केला. चूक नाही. काकूंनी आतून चहाला हाक मारली, आम्ही आत गेलो. चहा पिऊन येऊन ती बसली, तर मशीन पुन्हा अडलेलं. आता मधलीच नाही, बाजूचीही अक्षरं अडकत होती. तिनं जोर लावून, हातानं पाडून पाडून अर्धं पान काढलं, तेव्हा मशीन पुन्हा सुटलं आणि नीट चालायला लागलं. मग ती मुद्दाम थांबली. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. परत कळ दाबली. अडकली.

"चालून राहिलं तोवर चालते," मी म्हणालो. "थांबलं की बसते."

"मंग थांबू नोको म्हणा तिले," सर म्हणाले.

ताई म्हणाली, "सर, उद्या तिथं मशीन ठेवून बसवून ठेवतात. हजेरी, सूचना, नंबर. एक तास तरी तसाच जाते. अन् मंग घंटी."

सर खुर्चीवर बसले. तेव्हा त्यांना कळलं. चालू असलेलं मशीन बंद पडलं तर माणूस काहीतरी करतो. हे मशीन परीक्षेच्या घंटेला झोपेतून उठणार होतं, आणि उठल्यावर लुळं असणार होतं.

मग आम्ही एकेक करून बघायला लागलो. रिबन काढून टाकली, तरी तेच. म्हणजे रिबनचा दोष नाही. मी टेबलाखाली आडवा पडलो आणि ताईला कळ दाबायला सांगितली. खालची तार, पट्टी, स्प्रिंग सगळं हलत होतं आणि परत येत होतं. म्हणजे कळ ठीक आहे, कळ दांडीला ढकलते आहे, दांडी जाते आहे. परत येताना तिला काहीतरी धरतं आहे. एक दांडी बोटानं वर उचलून सोडली. पाकात पडल्यासारखी सावकाश खाली आली. खाचेत बोट घातलं तर चिकट. तेल इतकं चिकट नसतं. बोटाला तांबूस लागलं.

"गंज," सर म्हणाले.

मग ताईनं टेबलाच्या पायाकडे बोट केलं. मुंग्यांची ओळ चढत होती. पायावरून फळीवर, फळीवरून सरळ मशीनच्या पोटात. गंजाला मुंग्या लागत नाहीत.

काकू दारात उभ्या होत्या. कधीच्या उभ्या होत्या माहीत नाही. म्हणाल्या, "नारळाचं पाणी असंल ते."

"कोणचा नारळ?" सर म्हणाले.

"बाकीच्याइले मी नुसतं टिळे लावले. हिची परीक्षा तोंडावर, हिच्या मशीनचं पुरं करावं म्हटलं. खोळ काढली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ याच टेबलावर फोडला, अन् पाणी शिंपडलं वरून. लय नाही. हातात मावते तेवढं."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही. मी म्हणालो, "तिनं सांगितलं होतं का तुम्हाले? ती पूजा करत नाही हे तुम्हाले मालूम नव्हतं का?"

"ती नव्हती ना गा," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तं मी केली. तिच्या वाटची."

"तिची वाट तिनं सोडून दिली हाय. तिच्या आईबापानं सोडून दिली हाय. तुम्ही काहून—"

"चूप राय," ताई म्हणाली. तिनं बाह्या वर केल्या होत्या. "भाषण मंग दे. रॉकेल आण."

सीताबर्डीवर एक मिस्त्री होता, मशीनं दुरुस्त करणारा. मी सायकलवर जाऊन आलो. दसऱ्याला गावी गेलेला, दुकानाला कुलूप. येताना तीन इन्स्टिट्यूटमध्ये शिरलो, कोणाकडे मराठी मशीन रिकामं आहे का म्हणून. सगळ्यांची पोरं त्याच परीक्षेला. कचेरीत ताई स्वतः गेली. तिथं ती रोज ज्या मशीनवर कामाचे कागद काढायची ते टेबलावर उभं होतं. हेडक्लार्कनं सांगितलं, सरकारी मशीन बाहेर जात नाही. सरकारी कामाला लायक आहे की नाही हे सरकार बाहेर बघणार, पण त्यासाठी सरकारी मशीन बाहेर जाणार नाही. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते की वाढवून लिहिलं.

दुपारपासून आम्ही धूत बसलो. घरातला स्टोव्ह रिकामा करून काकूंनी रॉकेल दिलं. सरांनी मशीन तिरपं धरलं, खाली परात. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं खाचा घासत होतो आणि काकू लुगड्याच्या चिंध्या फाडून देत होत्या. परातीत लाल पाणी उतरलं. मग नारिंगी. मग तेलकट पिवळं. सकाळी सरांनी जे तेल घातलं त्यानं हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी एकत्र मळून खाचांत नीट भरून दिलं होतं. ते आत वाळत गेलं होतं. मशीन चालू असलं की रगडून सुटायचं, थांबलं की आळायचं. एवढंच कोडं होतं. यात कुठली देवी कोपली नव्हती आणि कुठली प्रसन्न झाली नव्हती. हे मी मोठ्यानं म्हणालो.

सर म्हणाले, "घास तू."

संध्याकाळपर्यंत मशीन चालायला लागलं. आम्ही ते मुद्दाम थांबवलं, बसवून ठेवलं, परत चालवलं. चाललं. अजून जास्त वेळ बसवलं. चाललं, फक्त एक दांडी सुस्त राहिली. कान्याची. आता कान्याशिवाय मराठीची एक ओळ लिहून बघा. सरांनी ती दांडी बोटात धरून पुष्कळ वेळ खालीवर केली. अंधार पडला तशी ताई म्हणाली, "राहू द्या सर, होते. उद्या पाहू." घरी येईपर्यंत मी बोलत होतो.

परीक्षेच्या दिवशी हातगाडीवर तीन मशीनं. सर वाटभर ताईच्या मशीनवर हात ठेवून चालले, एखादं आजारी जनावर नेतात तसे. केंद्र म्हणजे एक शाळा. मोठी खोली, खिडक्यांना गज, बाहेर व्हरांड्यात आम्ही सोबत आलेले लोक. मशीनं लावली, नंबर चिकटवले, उमेदवार बसले. मग ताई म्हणाली होती तेच झालं. हजेरी. सूचना. पर्यवेक्षक बाहेर गेले, आत आले. कळांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. ताई हात मांडीवर घेऊन बसलेली. मला तिची पाठ दिसत होती.

घंटी झाली आणि खोलीभर मशीनं एकदम उठली. मी फक्त एकाचा आवाज शोधत होतो. तो मला सापडला, कारण तो तुटत होता. चार-पाच अक्षरं, मग खंड. ती डाव्या हाताच्या बोटानं कान्याची दांडी खाली पाडत होती आणि पुढे जात होती. पुन्हा काना, पुन्हा बोट. रिबनची शाई तिच्या बोटाला लागली, बोटाची कागदाला.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक मराठी मशीन होतं. कुठल्याशा दुसऱ्या इन्स्टिट्यूटचं. त्याचा उमेदवार आलाच नव्हता. मशीन नुसतं उभं, वर नंबर चिकटवलेला. तिनं हात लांब केला असता तर पोचला असता.

सर दाराशी गेले. मी मागे. सर पर्यवेक्षकांना हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ते बाजूचं मशीन द्या तिले. हिचं अडकून राहिलं."

"ते दुसऱ्या संस्थेचं आहे."

"त्या संस्थेचा माणूस इथंच व्हरांड्यात हाय. तो हो म्हणते."

तो माणूस खरंच हो म्हणत होता. मान हलवत होता.

"नियमात नाही," पर्यवेक्षक म्हणाले. "उमेदवाराच्या मशीनची जबाबदारी उमेदवाराची. फार तर तुम्ही लिहून द्या, की तुमच्या संस्थेनं खराब मशीन दिलं."

असं लिहून देणं म्हणजे काय, हे सरांना माहीत होतं. इन्स्टिट्यूटला मान्यता सरकारचीच असते. पुढच्या तपासणीला तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला गेला असता. मला वाटलं, आता हे मागे सरतील. सर म्हणाले, "द्या कागद." उभ्यानं, दाराच्या चौकटीला कागद टेकवून त्यांनी लिहिलं आणि सही केली. पर्यवेक्षकांनी तो घेतला, घडी केली, पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. आता बाहेर थांबा."

मशीन दिलं नाही.

वेळ संपल्याची घंटी झाली. ताई बाहेर आली तेव्हा तिचं डावं बोट काळं होतं. सर बोलू लागले तर तीच म्हणाली, "तुम्ही काहून लिहून दिलं, सर?"

निकाल लागला. चुका जास्त. नंतर कचेरीचा कागद आला, सेवा समाप्त. बाबांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि त्या दिवशी त्यांची बस चुकली. त्यांची बस चुकलेली मी तेव्हाच पाहिली.

मी पत्रक लिहायला बसलो. मथळा तयार होता. नारळानं नोकरी खाल्ली. आत सगळं होतं: पूजा, कुंकू, रॉकेल, परातीतलं लाल पाणी. मला ते चांगलं वाटलं. अजून वाटतं. सायक्लोस्टाइलसाठी टाइप करून स्टेन्सिल ताईच कापायची आमची, म्हणून तिच्याकडे दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं.

"हे मी नाही टाइप करत."

"काहून? खोटं हाय का?"

"खरं हाय. काकूचं नाव नोको."

"नाव कुठी लिहिलं मी?"

"गल्ली लिहिली, माडी लिहिली, तीन मराठी मशीनं लिहिली. आता नाव लिहायचं काय राहिलं?" तिनं कागद माझ्या हातात दिला. "अन् ते रिकामं मशीन कुठी हाय यात?"

"ते पण घालतो."

"पण नाही. तेच घाल. काकूनं पाणी शिंपडलं ते मले पास व्हावं म्हणून. त्या माणसानं रिकामं मशीन दिलं नाही ते कशासाठी? तुले नारळ दिसते, कारण नारळावर लिहाले सोपं जाते."

मी म्हणालो की नारळ सोडून दिला तर उद्या दुसऱ्या कोणाच्या मशीनवर फुटेल. ती म्हणाली, तो फुटला तर मशीन धुता येतं, आपण धुतलंच ना. आमचं बरंच भांडण झालं. आई मधे पडली. शेवटी पत्रक निघालं ते नियमावर: केंद्रावर मशीन सरकारनं द्यावं, आणि रिकामं मशीन असेल तर ते अडलेल्याला द्यावं. ताईनंच टाइप केलं, त्याच भिंतीकडच्या मशीनवर. 'ळ' सगळे छापील आले. कचेऱ्यांच्या दारांत आम्ही ते वाटलं. नियम अजून तोच आहे.

वस्तीत मात्र ती "स्पीड नाही आली" एवढंच म्हणते. खरं सांगितलं तर लोक माडीपर्यंत जातील आणि काकूंना विचारतील, हे तिला माहीत आहे. कोणीतरी माझ्यासारखाच जाईल. म्हणून तिनं सगळ्या वस्तीसमोर मंद बोटांची होणं पत्करलं. हे मला पटत नाही. पण इथं मी कोणाचं नाव घातलेलं नाही, ते तिच्यासाठी.

पुढच्या परीक्षेला ती पास झाली. तिच्या जागेवर तोवर दुसऱ्या कोणाला घेतलं होतं, तात्पुरतं. आता ती इन्स्टिट्यूटमधली सकाळची तुकडी शिकवते. कचेरीत अर्ज देऊन ठेवला आहे.

यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो. या वेळी ताई असतानाच विचारून करावं म्हणून काकू एक दिवस आधीच हळद-कुंकवाची वाटी आणि नारळ घेऊन भिंतीकडच्या मशीनपाशी उभ्या होत्या. ताई खोळ घालत होती.

"हिले लावू का नोको?" काकूंनी विचारलं. वर्षभर त्या ताईच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हत्या.

ताईनं नाडी ओढून घेतली. "भिंतीले लावा, काकू. भिंत कुठी अडकते."

काकूंनी मशीनच्या मागे भिंतीला बोट टेकवलं, नारळ आत घेऊन गेल्या आणि आतच फोडला. मग बाहेर आल्या, पदरानं हात कोरडे केले आणि ताईनं मारलेल्या गाठीवर आणखी एक गाठ स्वतः मारली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मुली बसायच्या आधी ताईनं त्या दोन्ही गाठी सोडल्या. प्रत्येक कळ एकदा दाबली, दांडी वर गेलेली पाहिली, खाली आलेली पाहिली. काना तिनं तीनदा दाबला. मग उठून पहिल्या मुलीला म्हणाली, "बस."